अडखळत्या गाडीचं निदान

११ जानेवारी १९६०, सोमवार

गाडी आज परत आली. तिला गाडी म्हणायचं ते सवयीनं. १९३७ सालची ही विलायती पेटी मी रायपूरच्या एका पेन्शनर जंगल अधिकाऱ्याकडून घेतली. तिचं मूळ इंजिन दिवाळीत फुटलं. आता तिच्या पोटात लष्करी लिलावातल्या जीपचं इंजिन बसवलंय. नाक एका वंशाचं, छाती दुसऱ्या वंशाची. धर्मशास्त्रात याला संकर म्हणतात आणि पुढचं काही शुभ सांगत नाहीत.

हे कलम करणारा इसम नत्थू. साकोलीकडचा, इथं पोलाद कारखान्याच्या एका कंत्राटदाराच्या वर्कशॉपात फिटर. शिक्षण चौथी, तीही त्याच्याच शब्दांत "दोनदा". मी पूर्वी भंडाऱ्याला संस्कृत शिकवत होतो हे कळल्यापासून मला गुरुजी म्हणतो. आता मी नागपूरच्या दैनिकाचा भिलाईचा वार्ताहर आहे, याचं त्याला काही वाटत नाही.

"गुरुजी, पेट्रोलचा काटा काही जमला नाई. काडी बुडवून पाहत जा."

म्हणजे तिकडे रशियन लोक लोखंडाचा रस करताहेत आणि इकडे मी टाकीत बांबूची कामटी बुडवणार. चालते मात्र. दुर्गला जाऊन आलो, एकदाही खोकली नाही. नवशिक्याचं नशीब.

१५ जानेवारी, शुक्रवार

काल संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नत्थूची बायको रंभा आली होती. ती रेजा म्हणून कारखान्याच्या बांधकामावर विटा वाहते. माझ्या बायकोनं, वच्छलेनं, तिच्याकडून सगळा वृत्तान्त काढून घेतला. ही बाई वार्ताहर झाली असती तर माझी नोकरी गेली असती. मार्चअखेर कंत्राटदाराचं काम संपतं. मग नत्थूचं कामही जाणार आणि कॅम्पातली खोलीही. आशा एकच: कारखान्याच्या गाडीखान्यात फिटरची एक जागा निघाली आहे आणि तिथले प्रमुख गुलाबराव. ती मिळाली नाही तर साकोलीला भावाच्या दारात जाऊन बसायचं. भावजय कशी आहे तेही वच्छलेला कळलं आहे.

"अहो, गुलाबराव तुमच्या ओळखीचे ना? एक शब्द टाका."

मी म्हटलं, माझे शब्द मी तोलून टाकतो.

१९ जानेवारी, मंगळवार

कामटीवर मी चाकूनं खुणा केल्या आहेत. आज पाहतो तर अर्धा गॅलन पेट्रोल कमी. रविवारी ब्रेकसाठी गाडी अर्धा दिवस वर्कशॉपात उभी होती, जवळ नत्थूशिवाय कोणी नव्हतं. संधी होती, लाभ होता, आणि इसमही होता. अनुमानाला याहून काय लागतं?

टाकीचं तोंड डिकीत आहे. जुनं झाकण म्हणजे विनोद. सैल, आणि मधोमध सुईएवढं भोक, कोणा बेफिकीर माणसानं ठेवून दिलेलं. कोहक्याच्या लोहाराकडून नवं पितळी झाकण करून आणलं. आटे घट्ट, भोक नाही. खाली सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली. डिकीला कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला बांधली. वच्छला म्हणाली, "तिजोरीसुद्धा अशी लावत नाही कोणी." तिजोरी असती तर लावली असती.

२३ जानेवारी, शनिवार

रोग उघड झाला. उतईला निघालो होतो. रुआबांधा मागे टाकून दोनेक मैल गेलो असेन, पाय दाबला तर गाडी पुढं जाण्याऐवजी विचारात पडली. वर्गात ढ मुलाला प्रश्न विचारावा आणि त्यानं आधी छताकडे पाहावं, तसं. मग एक गचका, पुन्हा विचार, पुन्हा गचका. सायकलवाले पुढं निघून गेले. एक बैलगाडीसुद्धा गेली, आणि बैलानं वळून पाहिलं.

थांबलो. पेट्रोल संपलं की काय म्हणून डिकी उघडून कामटी बुडवली. पेट्रोल होतं. पुन्हा सुरू केली तर शहाण्यासारखी चालली, पण चार मैलच.

२६ जानेवारी, मंगळवार

झेंडावंदन. चार भाषणं झाली, चौघांनीही 'पोलाद' हा शब्द असा उच्चारला की जणू घरी स्वतः गाळतात. परत येताना गाडी भर गर्दीत अडखळू लागली आणि बंद पडली. एका डंपरवाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "धक्का लगाबो का, महराज?" त्याच्याबरोबर दोन रशियन इंजिनियरही उतरले आणि हसत हसत ढकलू लागले. आंतरराष्ट्रीय सहकार्याची बातमी उद्या द्यायचीच आहे. हा भाग गाळीन.

२९ जानेवारी, शुक्रवार

नत्थूला बोलावलं. त्यानं कार्बोरेटर खोललं, प्लग घासले, पॉइंटमधली फट पोस्टकार्डाच्या तुकड्यानं मोजली. मी खुर्ची टाकून बसलो होतो.

"इंजिन तर साफ हाय, गुरुजी. पाहा ना, जागेवर कशी मस्त वाजून राहिली. तुमी काई बदललं का गाडीत?"

"मी काय बदलणार? मी वार्ताहर आहे."

"डिकीची किल्ली द्या बरं. टाकीत कचरा असन तं पाहतो."

"टाकी मी पाहिली आहे. स्वच्छ आहे."

तो उकिडवा बसला होता, त्यामुळे त्याची नजर माझ्या कमरेला होती. सदऱ्याच्या काठाखालून किल्ली लोंबत होती. मी ती आत घेतली. तो म्हणाला, "बरं." आणि नुकतंच बसवलेलं कार्बोरेटर त्यानं पुन्हा खोललं. ज्याला कारण सापडत नाही तो कृती वाढवतो. संध्याकाळपर्यंत तेच चाललं होतं. कुलपाचं त्याला सांगायचं काही कारण नव्हतं. ज्याच्यावर संशय आहे त्याला संशय सांगण्याची पद्धत नाही.

३१ जानेवारी, रविवार

वच्छलेला घेऊन शिवनाथ नदीवर जाऊन आलो. जाऊन येऊन वीस मैल आणि गाडी एकदाही अडखळली नाही. वास्तविक अडखळायला वावच नव्हता, कारण वच्छला दर तीन मैलांवर गाडी थांबवायला लावते. "अहो, पेट्रोल आहे ना पुरेसं? पाहा बरं एकदा." की मी उतरतो, वाकतो, कुलूप काढतो, झाकण फिरवतो. झाकण सुटताना टाकी आत सुस्कारा ओढते. वच्छलेबरोबरच्या प्रवासात तो मीही अनेकदा ओढला आहे.

४ फेब्रुवारी, गुरुवार

आता शास्त्रानं चाललो आहे. अन्वय: वच्छला असली की गाडी चालते. व्यतिरेक: वच्छला नसली की अडखळते. तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा तेच. म्हणून प्रथम वजनाचा विचार केला. मागच्या बाजूला भार पडला तर पेट्रोल पुढं लोटत असेल. दोन पोती तांदूळ मागच्या सीटवर ठेवून वसाहतीच्या सगळ्या सेक्टरांतून फिरलो. तांदूळ वच्छलेहून वजनानं जास्त. हे तिला सांगितलं नाही. तरी अडखळली.

म्हणजे वजन नव्हे. उरली ती वच्छला. तिला विचारलं तर म्हणाली, "मी असले की तुम्ही माणसासारखी चालवता." हे उत्तर शास्त्रात बसत नाही.

सगळी कारणं एकेक करून बाद झाल्यावर उरतं ते खरं कारण: मूळ कलमच चुकलं आहे. या शरीराला हे हृदय मानवत नाही. आणि ज्यानं ते बसवलं त्याला ते बसवताना कळलं नाही, आता शोधतानाही कळत नाही.

१० फेब्रुवारी, बुधवार

गुलाबराव बाजारात भेटले. पूर्वी नागपूरकडच्या लोको शेडमध्ये होते, त्यामुळे अजूनही कोणत्याही यंत्राशी बोलल्यासारखं मोठ्यानं बोलतात.

"कृष्णराव, तुमच्या गाडीचं काम त्या नत्थूनं केलं ना? जागा एक हाय, माणसं दोन. दुसऱ्याजवळ रायपूरचं सर्टिफिकेट हाय. नत्थूजवळ तुमची गाडी हाय. चार ओळी लिहून द्या. जसं असन तसं लिहा, दोस्तीखात्यात नको."

मी म्हटलं, दोस्ती हा माझ्या लेखनाचा दोष कधीच नव्हता.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

चिठ्ठी दिली. नक्कल जवळ ठेवली आहे, कारण बऱ्याच दिवसांनी लेखणी अशी चालली: "सदर इसमाचे कौशल्य केवळ अनुमानावर जगते; प्रत्यक्षाशी त्याचा परिचय नाही. त्याने सिद्ध केलेले वाहन प्रस्थानी उत्साही, मार्गी साशंक व गन्तव्यी अनुपस्थित असते." शेवटचं वाक्य मीच दोनदा वाचलं.

वच्छलेनं विचारलं, "नत्थूचं लिहिलं ना? चांगलं लिहिलंत ना?"

"उत्कृष्ट," मी म्हटलं. ते खरंच होतं.

१४ फेब्रुवारी, रविवार

रंभा टोपलीभर पोपटीच्या शेंगा देऊन गेली. वच्छलेनं तिला 'उत्कृष्ट' सांगितलेलं दिसतं. मीठ घालून उकडल्या. खाल्ल्या. चांगल्या होत्या.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

उतईला एका शाळेच्या इमारतीचं उद्घाटन होतं, तिकडे एकटाच निघालो होतो. रुआबांध्यापुढं गाडी अडखळली, आणि या वेळी अडखळून थांबलीच. स्टार्टर फिरतो, इंजिन घेत नाही. अकराचं ऊन. दर दोन मिनिटांनी डंपर जातो आणि तांबडा मुरूम अंगावर टाकतो. अर्ध्या तासात मी विटेच्या रंगाचा झालो.

कंत्राटदाराचा एक ट्रक थांबला आणि त्यातून नत्थू उतरला. ड्रायव्हरला म्हणाला, "तू होय पुढं." मग बॉनेट उघडलं, पंपाची नळी सोडली, हातानं पंप मारून पाहिला. नळीतून थेंब आला नाही.

"गुरुजी, पेट्रोलच येऊन नाई राहिलं. आता किल्ली द्या लागन."

देणार कशी? किल्ली जानव्याला आणि जानवं अंगाला. मीच डिकीला नमस्कार घातल्यासारखा वाकलो आणि कुलूप काढलं. त्यानं झाकण पाहिलं. नखानं ठोकून पाहिलं. मग फिरवलं, आणि टाकीनं तो सुस्कारा ओढला, आजवरचा सर्वांत लांब.

 नत्थूनं झाकण उलटं करून त्यातली रबराची चकती काढली आणि तळहातावर ठेवली.

"बाई तेलाचा डबा कसा फोडतात, गुरुजी?"

घरी तेलाच्या सीलबंद डब्याला वच्छला नेहमी दोन भोकं पाडते, समोरासमोर. एकातून तेल येतं. दुसरं कशाला, हे मी वीस वर्षांत विचारलेलं नाही.

"एकाच भोकातून तेल येत नाई ना? हे तसंच. इंजिन पेट्रोल ओढून राहिलं, पण आत हवा जाले जागाच नाई. चार मैल गेलं का टाकीच उलटी ओढते. झाकण खोललं का हवा जाते, का पुन्हा चार मैल. जुन्या झाकणाले भोक होतं म्हून चालत होती."

दर तीन मैलांना पेट्रोल पाहायला लावणारी वच्छला माझ्या डोळ्यांपुढं आली. तांदळाची पोतीही आली.

तो झाकणाकडे पाहत नव्हता. डिकीच्या कुलपाकडे पाहत होता.

"किती गेलं होतं, गुरुजी?"

मी म्हटलं, "काय?"

"पेट्रोल."

"अर्धा गॅलन."

त्यानं मान हलवली. "जीपचं इंजिन जुन्यापेक्षा जास्त पेते. पयल्याच दिवशी सांगाले पायजे होतं म्या. चुकलं."

मग रस्त्याकडेचा दगड घेतला, खिशातल्या खिळ्यानं झाकणाला भोक पाडलं, झाकण लावलं. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. "लावा कुलूप," तो म्हणाला. मी लावलं नाही. उतईपर्यंत येतोस का विचारलं, तर म्हणाला, साइटवर काम आहे, आणि उन्हात चालू लागला.

उद्घाटनाला वेळेवर पोचलो. गाडी एकदाही अडखळली नाही. भाषणातलं एकही वाक्य वहीत नाही.

चिठ्ठी गुलाबरावांकडे जाऊन चार दिवस झाले.

१७ फेब्रुवारी, बुधवार

गुलाबरावांकडे जाणार होतो. शाळेची बातमी पाठवायची होती. घसाही धरला आहे, मुरमामुळे. शिवाय त्यांच्याकडे बुधवारी तपासणी असते असं ऐकलं आहे. कोणाकडून ऐकलं ते आठवत नाही.

वच्छलेला झाकणाचं सांगितलं. ती इतकी हसली की पोळी करपली. चिठ्ठीचं सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

नक्कल टेबलावरच राहिली होती. वच्छला ती हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"गन्तव्यी म्हणजे काय हो?"

"जिथं जायचं तिथं."

तिनं पुन्हा वाचलं, या वेळी ओठ हलवून. कागद होता तिथं ठेवला.

"रंभाच्या शेंगा खाल्ल्यात तुम्ही," म्हणाली आणि आत गेली. जेवताना वाढलं सगळं. 

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

गुलाबरावांच्या ऑफिसात शिरलो तर दोन कारकून माझ्याकडे पाहून हसले.

"या. तुमचं वाक्य इथं सगळ्याले पाठ हाय, कृष्णराव. कोणतीबी गाडी बिघडली का म्हणते, मार्गी साशंक. म्या तसंच्या तसं इंग्लिश करून मंगळवारी वर धाडलं."

मी विचारलं, परत मागवता येईल का?

"कागद वर गेला का खाली येत नाई. दुसरा धाडता येते. पण कारण लिहा लागन."

तिथंच बसून लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'अनवधानाने' होतं. गुलाबरावांनी वाचलं आणि परत दिलं: "कोनाच्या?" दुसऱ्यात 'परिस्थितिजन्य गैरसमज' होता. तोही परत. "परिस्थितीनं झाकण लावलं काय?" हा माणूस वाफेच्या इंजिनांत वाढला आहे, शैलीचा त्याला गंध नाही. तिसऱ्यांदा लिहिलं ते असं:

"गाडीतला दोष माझा होता. नत्थू पेट्रोल चोरतो असे मला वाटले. म्हणून मी टाकीला हवाबंद झाकण लावले आणि त्याला किल्ली दिली नाही. त्याने चोरी केली नव्हती. इंजिन त्याने चांगले बसवले आहे. पहिली चिठ्ठी मी गाडी न तपासता लिहिली."

इतकं दरिद्री मराठी मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. सही केली. गुलाबरावांनी शिक्का मारला आणि कागद ट्रेमध्ये टाकला. दोघा कारकुनांपैकी कोणीही हसलं नाही, ते जास्त वाईट होतं.

७ मार्च, सोमवार

सकाळी नत्थू आला. धुतलेला सदरा, केसांना तेल.

"लागलो, गुरुजी. हेल्पर म्हून. सहा महिने पाह्यतीन, मंग फिटरचं."

"आणि फिटरची जागा?"

"रायपूरवाल्याले भेटली. कॅम्पातली खोली ऱ्हायते मात्र. रंभा म्हणे, तेवढं झालं तरी झालं."

बारा वर्षं इंजिनं उघडणारा माणूस आता रायपूरच्या सर्टिफिकेटला पाने उचलून देणार. मी विचारलं, "माझ्या चिठ्ठीमुळे?"

"गुलाबराव साहेबांनी दोनी वाचून दाखवल्या. पयली मले समजली नाई. दुसरी समजली."

हे सांगताना त्याच्या स्वरात ना राग होता, ना टोमणा. वच्छलेनं चहा आणून दिला. त्यानं तो ओसरीच्या पायरीवर बसून घेतला, कप विसळून उपडा ठेवला.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "इंजिनातून टॅपेटचा टकटक आवाज येतोय चार दिवस. रविवारी ये जरा."

"आता बाहेरचं काम करता येत नाई, गुरुजी. नौकरीचा नियम हाय."

मी म्हटलं, नियम असेल तर प्रश्नच नाही. तो वच्छलेला "येतो, बाई" म्हणून गेला. फाटकाजवळ गाडी उभी होती. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

२० मार्च, रविवार

सकाळी कोहक्याकडे गेलो होतो. चहाच्या टपरीमागं एका दूधवाल्याची मोटरसायकल आडवी पाडलेली आणि तिच्याशेजारी नत्थू, कोपरापर्यंत काळा. चार जण भोवती बसून चहा पिताहेत, तो काहीतरी सांगतोय आणि सगळे हसताहेत. नियम बदलला असावा. मी वार्ताहर असूनही बातमी माझ्यापर्यंत आली नाही.

गाडी हळू केली. त्यानं मान वर केली नाही. पण त्याचं बोलणं तुटलं आणि पाना धरलेला हात थांबला. मी वळणापर्यंत जाईतो तो तसाच थांबलेला आरशात दिसत होता.

टॅपेट वाजत होते. ते त्याला ऐकू गेले असणार.